‘काहीच समजत नाही’ याच्या पुढे काय म्हणावे? महाविद्यालयात अभ्यासाची मदत मागण्याविषयी

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

गेली सहा वर्षे मी शनिवारी दुपारी कर्वेनगरातल्या एका अभ्यासिकेत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसोबत बसतो. ही शिकवणी नाही. ज्याचे अडले असेल त्याने वही घेऊन यावे आणि अडलेली जागा बोटाने दाखवावी, एवढीच अट आहे. पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण मात्र वही उघडण्याआधीच सांगून टाकतो, ‘दादा, मला काहीच समजत नाही.’ हे वाक्य मी स्वतः दोन वर्षे मनात घोळवले आहे, त्यामुळे ते तोंडातून बाहेर काढायला किती बळ लागते हे मी जाणतो. परंतु या वाक्यावर मदत सुरू होत नाही असा माझा अनुभव आहे आणि तो सविस्तर सांगण्यासाठी हा धागा काढत आहे.

मी २०१० साली बीड जिल्ह्यातून पुण्यात आलो. विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळायला अजून चार वर्षे होती. दहावीपर्यंतचे सगळे शिक्षण मराठी माध्यमातले आणि गणित हा माझा हक्काचा विषय. अकरावी-बारावीत इंग्रजीतली उदाहरणे पाठ करून निभावले. दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा भाग आला आणि तो राहिला. पुढच्या परीक्षेतही राहिला. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन, तिसऱ्या वर्षात गेलो, पण घरी सगळे विषय सुटल्याचे सांगितले होते. दिवाळीत वडील पाहुण्यांना माझ्याविषयी सांगू लागले की मी उठून गोठ्याकडे जात असे.

गणिताच्या मॅडमच्या केबिनपर्यंत मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दाराशेजारच्या फलकावरची सूचना वाचल्याचे दाखवून परत फिरलो. ती सूचना बसपासाच्या अर्जांची होती. तिसऱ्या वेळी दार उघडे होते आणि मॅडमनीच विचारले, ‘काय रे, काय हवे आहे?’ मी तेच वाक्य बोललो. त्या रागावल्या नाहीत, समजावूनही सांगू लागल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘एक उदाहरण सोडवायला घे. जिथे हात थांबेल तिथे आडवी रेघ मार.’

उदाहरण लाप्लास रूपांतराच्या उलट क्रियेचे होते. अंशात एक आणि छेदात एस वर्ग अधिक चार एस अधिक तेरा. मी ते उतरवले आणि लगेच खाली रेघ मारली. मॅडम म्हणाल्या, ‘कम्प्लीट द स्क्वेअर.’ मी गप्प. त्यांनी पुन्हा तेच सांगितले, मी पुन्हा गप्प. मग क्षणभर माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, ‘दहावी कुठल्या माध्यमात?’ मी सांगितले. ‘मग पूर्ण वर्ग कर ना.’ चाराचे निम्मे दोन, दोनाचा वर्ग चार, तेरातून चार गेले की नऊ उरले; म्हणजे एस अधिक दोनचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. अर्ध्या मिनिटात ते कागदावर उतरले. पुढचे उत्तर सूत्रात बसवण्याइतके सरळ होते. पूर्ण वर्ग पद्धतीने वर्गसमीकरण सोडवणे मी दहावीत शेकडो वेळा केले होते, पण या इंग्रजी नावाखाली तीच ओळखीची गोष्ट उभी आहे हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

त्या दिवशी मला संपूर्ण विषय आला, असे अजिबात झाले नाही. ‘काहीच’ या एका शब्दाखाली मी जे झाकून ठेवले होते ते मोजता येण्यासारखे आहे, एवढे मात्र दिसले. नंतर मी एका वहीच्या पानाचे दोन भाग करून डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे माझ्या शाळेतला मराठी शब्द लिहू लागलो. पॉलिनोमिअलसमोर बहुपदी, रेशोसमोर गुणोत्तर, फॅक्टरसमोर अवयव. ती वही भरली नाही. तीस-बत्तीस शब्दांनंतर तिची गरज उरली नाही. एम-थ्री तिसऱ्या खेपेला सुटला.

शनिवारी येणाऱ्या मुलांना मी आता हेच करायला लावतो. उदाहरण येते तिथपर्यंत सोडवून आणायचे, जिथे थांबलो तिथे रेघ मारायची आणि त्या रेषेच्या शेजारी आपल्या शब्दांत लिहायचे की मी इथे काय करून पाहिले. मदत करणाऱ्याला कामाला लागण्यासाठी या कागदाहून अधिक काही लागत नाही. आपण शिकत असताना मदत कशी मागितली, कोणाकडे मागितली, कुठे दार बंद झाले, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. आत्ता शिकत असलेल्या मुलांनी तर जरूर लिहावे.

फळा-खडू

धागा आवडला, आणि केबिनच्या आतल्या बाजूने काय दिसते ते सांगावेसे वाटले. मी पुण्यातल्या महाविद्यालयात सत्तावीस वर्षे संगणकशास्त्र शिकवले.

विद्यार्थी येऊन ‘मला हा धडाच समजला नाही’ असे म्हणतो तेव्हा शिक्षक नकळत तोच तास पुन्हा पहिल्यापासून घेऊ लागतो. तेच शब्द, तीच आकृती. समोरचा विद्यार्थी मान हलवत राहतो, कारण आता न समजल्याचे कबूल करणे त्याला पहिल्यापेक्षाही अवघड झालेले असते. अर्ध्या तासाने दोघेही थकलेले आणि प्रश्न जागच्या जागी. माझी उमेदीची कित्येक वर्षे मी हीच चूक केली. पुढे मी बोलणे बंद करून विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल देऊ लागले, तेव्हा मला कळले की बहुतेकांचे अडते ते आजच्या धड्यात नसून दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या छोट्या गोष्टीत.

वेळेविषयीही सांगते. सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलेल्या विद्यार्थ्याला मी अर्धा दिवस देऊ शकत असे. सबमिशनच्या आठवड्यात टेबलावर फायलींचे ढीग असतात, टर्मवर्कचे गुण भरायचे असतात, तोंडी परीक्षांचे वेळापत्रक डोक्यावर असते. त्या दिवसांत आलेल्या मुलाला दहा मिनिटेही नीट मिळत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त मुले येतात. इनसेमचे, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचे, गुण लागले की त्याच आठवड्यात या, थांबू नका. एंडसेमला, म्हणजे सत्राच्या शेवटी, ७० गुणांची परीक्षा उरलेली असते, तेव्हा वेळ गेलेली नसते.

आता बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर शिक्षक नेमून दिलेला असतो. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात त्याची नोंद दाखवावी लागते, म्हणून काही ठिकाणी ते रजिस्टर भरण्यापुरते उरते हे खरे आहे. तरीही त्या शिक्षकाला तुमच्यासाठी वेळ काढावाच लागतो, आणि तो तुमचा विषय शिकवत नसला तरी योग्य माणसाकडे तुम्हाला पाठवू शकतो. आपला मेंटॉर कोण हे तिसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नसलेली मुले मी पाहिली आहेत, याचे मला वाईट वाटते.

अबोल

धागाकर्त्याच्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु दोन्ही लेखनांत सगळा भार विद्यार्थ्यावर टाकला गेला आहे असे मला वाटते, म्हणून लिहितो.

मी पहिल्या वर्षाला असताना भर वर्गात एक प्रश्न विचारला होता. अगदी नेमका प्रश्न होता. फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीतले चिन्ह उणे का झाले, एवढाच. सरांनी खडू खाली ठेवला आणि ‘हे सातवीतले आहे, इथे कशाला आलास?’ असे विचारले. ऐंशी मुलांचा वर्ग हसला. उत्तर मिळाले नाहीच. त्यानंतर उरलेल्या चार वर्षांत मी एकाही तासाला हात वर केला नाही. माझे सगळे विषय सुटले, नोकरीही लागली, पण बैठकीत काही समजले नाही तर आजही मी विचारत नाही; घरी येऊन रात्री शोधत बसतो. प्रश्न कसा विचारावा हे मुलांना जरूर शिकवावे, पण त्याआधी तो ऐकून घ्यायला शिक्षकांनी शिकायला हवे.

मांजराकाठ

अबोल, तुमचे म्हणणे मी मान्य करतो आणि माझ्या लेखात ते आले नाही ही उणीव होती. माझे दार उघडे निघाले, तुमच्या तोंडावर ते लावले गेले. तुमच्या प्रश्नात काहीही उणे नव्हते.

ज्यांच्या बाबतीत आज असे घडत आहे त्यांच्यासाठी थोडे लिहितो. एका शिक्षकाने झिडकारले म्हणजे तो विषय त्या महाविद्यालयात संपला, असे होत नाही. त्याच विषयाचा दुसऱ्या तुकडीचा शिक्षक असतो, प्रयोगशाळेतले साहाय्यक असतात आणि अनेकदा त्यांना मुलांच्या चुका प्राध्यापकांपेक्षा अधिक ठाऊक असतात. आणि वरच्या वर्गातली, नुकताच तो विषय सुटलेली मुले असतात. माझा विश्वास सर्वांत जास्त यांच्यावर आहे, कारण ज्याला काल अडले होते त्याला आज तुमचे कुठे अडते आहे हे लगेच कळते. अपमान वारंवार होत असेल तर मात्र तो सोसू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार महाविद्यालयांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठ स्तरावर लोकपालाकडे दाद मागता येते. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

फळा-खडू

अबोल, ‘हे तर खालच्या वर्गात झाले आहे’ हे वाक्य मीही बोलले आहे. माझा हेतू अपमानाचा नसे, पण समोरच्याला काय ऐकू गेले असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. आज आपले लेखन वाचून दोन चेहरे आठवले. शक्य असते तर त्यांची क्षमा मागितली असती.

रात्रपाळी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मी सकाळी वाणिज्य शाखेत दुसऱ्या वर्षाला शिकत असे आणि रात्री एका गोदामात काम करत असे. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये माझे कुठे अडते हे मला अचूक ठाऊक होते. ओव्हरहेडचे, म्हणजे अप्रत्यक्ष खर्चाचे, वाटप करताना कोणता खर्च कोणत्या विभागावर टाकायचा तिथे मी चुकत असे. पण विचारायला जायला माझ्याकडे दिवसाचा एकही तास नव्हता, आणि असलाच तर त्या तासात मी झोपत असे. अशा विद्यार्थ्याला आधी पैशाची मदत मिळाली तरच अभ्यासाची मदत पोहोचते.

त्यामुळे ज्यांची अशी ओढाताण आहे त्यांनी सर्वप्रथम महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागात जाऊन कमवा व शिका योजनेची चौकशी करावी. काम महाविद्यालयाच्या आवारातच असते, ग्रंथालयात किंवा कार्यालयात, त्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल तर महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर आपल्याला लागू होणाऱ्या योजना पाहाव्यात. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची. ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून वसतिगृहे चालवत आहे. तिथे राहिलेला माझा एक मित्र सांगे, की रात्री अकराला अडलेला प्रश्न साडेअकराला सुटत असे, कारण शेजारच्या खोलीत तो विषय येणारा कोणीतरी असेच. मला ते वेळेवर कळले नाही. निदान दुसऱ्या कोणाला कळावे.

नवखी

सर्वांना नमस्कार. मी पहिल्यांदाच येथे लिहीत आहे. मी पदविका करून संगणक अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे मी वर्गात आले तेव्हा बाकीच्या मुलांचे तास सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. पहिले वर्ष इथे न झाल्यामुळे माझी कोणाशी ओळख नाही. डेटा स्ट्रक्चर्स हा विषय मला समजत नाही. प्रात्यक्षिकाचा प्रश्न मी चॅटजीपीटीला देते, तो प्रोग्राम लिहून देतो, प्रोग्राम चालतो, मी तो वहीत उतरवते आणि सही मिळते. मागच्या आठवड्यात तोंडी परीक्षेत मॅडमनी माझ्याच वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लाज वाटली. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. आता मी काय करू?

फळा-खडू

नवखी, बरे झाले लिहिलेत. आपण मागे पडलेल्या आहात त्याचे कारण आपल्या कुवतीत नाही, प्रवेशाच्या तारखांत आहे, हे आधी मनाशी पक्के करा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची ही अडचण मी दरवर्षी पाहिली आहे आणि अनेक महाविद्यालये त्यांच्यासाठी वेगळे तास ठेवतात. आपल्या विभागप्रमुखांना त्याविषयी विचारा.

आपल्या मॅडमनी विचारलेला प्रश्न फार चांगला होता. त्यांनी आपल्याला कमी लेखले असे मला वाटत नाही. त्या तुमची रेघ शोधत होत्या. आता एक करा. संगणक बंद ठेवून कागदावर लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या घरांच्या यादीत, मध्येच एक नवीन नोड (घर) घालण्याच्या ओळी स्वतः लिहा. चुकल्या तरी चालतील. मग त्याच ओळी संगणकावर चालवा, आणि जे दिसेल ते येथे लिहा.

आईपण

या धाग्यात एक गोष्ट यायला हवी म्हणून लिहिते. माझ्या मुलाला वाचन आणि लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. शाळेत शिक्षकांनीच पुढाकार घेतला होता, त्यामुळे सगळे सुरळीत झाले. महाविद्यालयात गेल्यावर ‘आता मी मोठा झालो, मला सवलत नको’ असे म्हणून त्याने कोणालाच काही सांगितले नाही आणि पहिल्याच सत्रात तीन विषय राहिले. त्याला उत्तरे येत होती, पेपर पुरा होत नव्हता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र विद्यार्थ्याला लेखनिक मिळू शकतो आणि परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटांचा जादा वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मात्र त्यासाठी शासनाने प्राधिकृत केलेल्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज महाविद्यालयामार्फत करावा लागतो. आम्ही हॉलतिकीट आल्यावर धावाधाव सुरू केली आणि एक परीक्षा हातची गेली. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी प्रवेश झाल्या झाल्या, पहिल्याच महिन्यात, परीक्षा विभागात जाऊन कागदपत्रे द्यावीत.

तो आता शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्यांदा जादा वेळ मिळाला त्या दिवशी पेपर देऊन घरी आल्यावर त्याने सांगितले, ‘आई, आज शेवटचा प्रश्न वाचला.’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नवखी, आपल्याला झोप लागत नाही असे आपण लिहिले आहे. ते अंगावर काढू नका. घरच्या कोणाशी बोला. टेली-मानस ही शासनाची विनाशुल्क सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

ग्रंथपाल

थोडक्यात लिहितो. सगळ्यांत कमी वापरली जाणारी मदत म्हणजे स्वतःच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. आपल्या विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याची सोय आहे. निकालानंतर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. मुले ती फक्त गुण वाढतील या आशेने मागवतात आणि वाढण्यासारखे काही दिसले नाही की फेकून देतात. माझ्याकडे ग्रंथालयात येणारी एक विद्यार्थिनी ती छायाप्रत घेऊन शिक्षकांकडे गेली आणि गुण कुठे गेले ते प्रत्येक पानावर विचारून आली. आकृतीला नावे दिली नव्हती, व्याख्येनंतर उदाहरण नव्हते, एका प्रश्नात उपप्रश्नच सुटला होता. ज्ञान पुरेसे होते, लिहिण्यात गळत होते. पुढच्या वेळी तिचा तो विषय सुटला.

आणि पुस्तकांसाठी पैसे नसतील तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बुक बँकेची चौकशी करा. संपूर्ण सत्रासाठी पुस्तके मिळू शकतात. अप्पा बळवंत चौकातून ऐन परीक्षेच्या तोंडावर गाइड आणण्यापेक्षा ते केव्हाही बरे. गणिताचे जुने धडे पुन्हा करायचे असतील तर बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, दहावीचे मराठी माध्यमाचे पुस्तकही.

नवखी

फळा-खडू मॅडम, आपण सांगितले तसे केले. संगणक दोन तास बंद ठेवला.

अ, ब, क असे तीन नोड आहेत. मला अ आणि ब यांच्यामध्ये एक नवीन नोड घालायचा आहे. मी आधी लिहिले की अ-चा पुढचा म्हणजे नवा नोड. मग लिहिले की नव्याचा पुढचा म्हणजे अ-चा पुढचा. मला ते बरोबर वाटले, कारण दोन्ही जोडण्या झाल्या. पण यादी छापायला सांगितली तर अ छापल्यावर नव्या नोडमधला आकडा पुन्हा पुन्हा येतच राहतो, थांबत नाही. ब आणि क कुठेच दिसत नाहीत. मी दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली आहे. चॅटजीपीटीने दिलेल्या प्रोग्राममध्ये याच दोन ओळी उलट्या क्रमाने आहेत आणि तो चालतो. दोन्हींत ओळी त्याच असताना असे का होते, हे मला समजत नाही.

मांजराकाठ

नवखी, ‘डेटा स्ट्रक्चर्स समजत नाही’ इथपासून तुम्ही दोन ओळींच्या क्रमापर्यंत आलात. आता उत्तर द्यायला मला सहा वाक्ये पुरतील.

प्रत्येक नोडजवळ एक चिठ्ठी आहे आणि तिच्यावर पुढच्याचा पत्ता लिहिला आहे, असे समजा. ब कुठे राहतो हे संपूर्ण यादीत फक्त अ-च्या चिठ्ठीवर लिहिलेले आहे. तुम्ही पहिल्याच ओळीत ती चिठ्ठी पुसून तिच्यावर नव्याचा पत्ता लिहिला, त्यामुळे ब-चा पत्ता कोणाकडेच उरला नाही. दुसऱ्या ओळीत नव्याने अ-च्या चिठ्ठीवरून पुढचा पत्ता उतरवला, तेव्हा तिथे त्याचा स्वतःचाच पत्ता होता. म्हणून तो स्वतःकडेच बोट दाखवत बसला आणि छापताना तोच आकडा येत राहिला. पत्ता पुसण्याआधी तो दुसरीकडे उतरवून घ्यावा लागतो, म्हणून आधी नव्याची चिठ्ठी लिहायची आणि मग अ-ची.

चॅटजीपीटीविषयीही सांगतो. तुम्ही त्याला संपूर्ण प्रश्न दिलात म्हणून त्याने संपूर्ण उत्तर दिले. तुमचा हात कुठे थांबतो हे त्याला कळायला वाव नव्हता. आज लिहिलात तसा प्रश्न त्याला विचारला असता तर कदाचित बरे उत्तर मिळाले असते. तरीही हाच कागद घेऊन आधी तुमच्या मॅडमकडे जा. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यावर आहे, आणि ते तुमच्या हातचे आहे.

अबोल

नवखी, आपण चूक होती तशीच्या तशी येथे लिहिलीत. मला ते कधी जमले नाही. मॅडमकडे जाऊन आलात की येथे जरूर लिहा, मी वाट पाहीन.

नवखी

काल दुपारी गेले होते. मॅडमनी कागद पाहिला आणि ‘आधी का नाही आलीस?’ एवढेच विचारले. मग त्यांनी माझ्याच कागदावर चौकोन काढून यादीच्या सुरुवातीला नोड घालायचा असेल तर काय बदलेल ते माझ्याकडूनच काढून घेतले. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी गुरुवारी साडेतीनला प्रयोगशाळेत बोलावले आहे. वर्गात आम्ही नऊ जण आहोत हे मला कालच कळले. माझ्या वसतिगृहातलीच एक मुलगी त्यांत आहे. आम्ही रात्री जेवणानंतर तासभर एकत्र बसलो. झोपही लागली.

आज आम्ही दोघींनी डबली लिंक्ड लिस्टमधून (जिच्यात प्रत्येक नोडजवळ पुढच्याची आणि मागच्याचीही चिठ्ठी असते) मधला नोड काढून टाकण्याचे केले. दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या बदलायच्या, ते चौकोन काढून बरोबर आले. पण यादीतला शेवटचा नोड काढायला सांगितला की प्रोग्राम बंद पडतो. पुढच्या नोडची मागची चिठ्ठी बदलण्याच्या ओळीखाली रेघ मारली आहे. इतर नोडसाठी तीच ओळ चालते.

फळा-खडू

शेवटच्या नोडच्या पुढे कोण असतो ते चौकोनात काढून पाहा, आणि मग त्या ओळीच्या आधी काय तपासायला हवे ते दोघींनी मिळून ठरवा. मी आत्ता सांगत नाही. गुरुवारच्या आत जमले नाही तर हाच कागद घेऊन जा.

मांजराकाठ

शनिवारी दुपारी दोननंतर अभ्यासिकेतही या. मैत्रिणीलाही आणा, आणि वह्या दोघींच्या स्वतंत्र असू द्या.